अंगठ्याची जागा

आधीच सांगून टाकते, मी गर्विष्ठ बाई आहे. पाळकाच्या बायकोनं असं म्हणू नये, हे मला ठाऊक आहे. आमचे हे दर दोन-तीन महिन्यांनी नम्रतेवर उपदेश करतात आणि समोर बसलेली चाळीस माणसं सोडून नेमके माझ्याकडे बघतात. मीही बघते त्यांच्याकडे. छत्तीस वर्षांत एकशे ब्याण्णव वाकडी पावलं मी या हातांनी सरळ केली आहेत. ज्याला नम्र व्हायचं असेल त्यानं खुशाल व्हावं.

मिशननं आम्हाला या गावात पाठवलं तेव्हा मी पस्तिशीची होते आणि हे अडतीसचे. ह्यांनी प्रार्थनाघर बघायचं आणि मी दवाखाना, असं ठरलं होतं. दवाखाना म्हणजे आमच्याच घराचा पुढचा व्हरांडा. एक लांब बाक, एक उंच टेबल, दोन बादल्या आणि औषधांचं कपाट, ज्याचं एक दार गेली कित्येक वर्षं सुतळीनं बांधलेलं आहे. हे म्हणतात, उद्या दुरुस्त करतो. ह्यांचा उद्या म्हणजे देवाचा दिवस, कधी उजाडेल त्याचा नेम नाही.

मी डॉक्टर नाही, नर्स आहे. पण लग्नाआधी मिशनच्या मोठ्या दवाखान्यात पाच वर्षं मी एकाच म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काढली, आणि ते एकच काम करायचे. काही बाळं जन्मतात तीच पाऊल आत वळलेलं घेऊन. तळवा आतल्या बाजूला, टाच वर. तसंच राहू दिलं तर ते मूल आयुष्यभर पावलाच्या कडेवर चालतं. पण तान्ह्या बाळाचं पाऊल मऊ असतं, ऐकतं. दर आठवड्याला ते हातानं थोडंसं बाहेर वळवायचं आणि वळवलेलं तसंच राहावं म्हणून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पुढच्या आठवड्यात ते भिजवून सोडायचं, आणखी थोडं वळवायचं, नवीन घालायचं. सहा-सात आठवड्यांत पाऊल सरळ होतं. लोकांना वाटतं चमत्कार. चमत्कार कसला, मंगळवार न चुकवणं.

हे काम एकट्याचं नाही. मी धरते आणि हे गुंडाळतात. पावलाच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, एक हाड वर आलेलं असतं. त्यावर माझा अंगठा. तो अंगठा जागेवर असला तर सगळं पाऊल त्याच्याभोवती बिजागरीवरच्या दारासारखं फिरतं. गव्हाच्या दाण्याएवढा सरकला तर आठवडा वाया. हे ओल्या पट्ट्या गुंडाळतात आणि गातात. प्लास्टर घट्ट व्हायला ह्यांच्या एका भजनाची तीन कडवी लागतात. ह्यांचा आवाज तसा बरा नाही, पण बाळांना अजून कळत नसतं. तिसऱ्या कडव्याआधी हे दर वेळी विचारतात, "धरलंय ना?" आणि मी म्हणते, "धरलंय. गा तुम्ही."

आमच्या दिवसाचं म्हणाल तर सांगण्यासारखं फार नाही. पाचला उठायचं. मी चहा करते आणि हे प्रार्थनेला बसतात. आपण मागायच्या आधीच देवाला सगळं ठाऊक असतं, असं हेच शिकवतात. मग चहा गार होईपर्यंत त्याला एवढं काय सांगायचं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मग कोंबड्या. मग कुणाचा ताप, कुणाचा कान, कुणाच्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. दुपारी हे सायकल घेऊन आजाऱ्यांच्या घरी जातात आणि अर्ध्या वाटेवर कुणाचं तरी कुंपण बांधत बसतात. संध्याकाळी मला ह्यांना त्या कुंपणावरून शोधून आणावं लागतं. लोक ह्यांना पाळकबाबा म्हणतात आणि ह्यांच्यावर माया करतात. मला बाई म्हणतात आणि घाबरतात. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बाकावरच्या बायका पदराआड हसतात, पण ऐकतात. प्लास्टर भिजवलं की बोलणी. मंगळवार चुकवला की बोलणी. एक शिंपीण आहे, तिच्या मुलाचे दोन्ही पाय मी सरळ केले, तो आता सायकलवरून टपालाच्या थैल्या नेतो. ती म्हणते, "बाई ओरडल्या नसत्या तर आमचा हा अजून रांगत असता." असं चारचौघांत म्हटलेलं ऐकलं की मी तोंड वाकडं करते, पण रात्री जेवताना ह्यांना दोनदा सांगते.

तर असा सगळा माझा तोरा. आणि गेल्या वर्षी माझा उजवा अंगठा दुखायला लागला.

आधी बुडाशी, सांध्यात. मग कपबशी हातातून सुटली. बशीच गुळगुळीत होती, असं मी म्हटलं. मग बरणीचं झाकण उघडेना. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातली सगळी झाकणं सैल आहेत. हे प्रार्थनेला बसायच्या आधी उठून एकेक बरणी उघडून, नुसतं झाकण टेकवून ठेवत होते. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षं संसार केला की अशी बरीच कामं न बोलता होतात. पण ह्यांना कळलंय, हे कळल्यावर मला रागच आला. मी मुद्दाम एक झाकण घट्ट लावून ठेवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं.

त्याच सुमाराला कुंभाराच्या घरचं बाळ आलं. मुलगी, दहा आठवड्यांची, डावं पाऊल पार आत. तिला घेऊन दोघी आल्या होत्या, सासू आणि सून. गावात त्यांना थोरली कुंभारीण आणि धाकटी कुंभारीण म्हणतात. थोरलीचा दबदबा माझ्याइतकाच. दोन तास चालत आल्या होत्या, तरी ती बाकावर टेकली नाही. उभ्यानंच म्हणाली, "बाई, मला हे पटत नाही. पण सून रोज रडते, म्हणून आणलंय. एक सांगून ठेवते. तुमच्या हातून पोरीला इजा झाली, तर त्या दिवसापासून बंद. मग पाय कसा का राहीना."

"माझ्या हातून आजवर झालेली नाही," मी म्हटलं.

"मग भ्यायचं कारण नाही," ती म्हणाली.

धाकटी नुसती माझ्या हातांकडे बघत होती, टक लावून. मला वाटलं, घाबरली असेल.

पहिले तीन मंगळवार सुरळीत गेले. पाऊल इतकं छान ऐकत होतं की मी ह्यांना म्हटलं, ही पोर एक दिवस पळत येऊन तुमच्या कोंबड्या पळवेल. चौथ्या मंगळवारी मात्र गारठा होता आणि माझा अंगठा सकाळपासून ठणकत होता. तो दिवस तरी पुढे ढकलायला हवा होता. पण बाकावर सात बाया बसलेल्या, आणि मी सांगणार काय, तर माझा अंगठा दुखतो? मी धरलं. हे गुंडाळायला लागले. दुसऱ्या कडव्याला बाळानं जोरात पाय झाडला आणि माझ्या अंगठ्यातून अशी कळ गेली की तो सुटला. क्षणभरच. मी लगेच पुन्हा दाबला, पण जागा तीच होती की शेजारची, ते मला सांगता येईना. प्लास्टर तोवर आवळायला लागलं होतं.

"धरलंय ना?" ह्यांनी विचारलं.

"धरलंय," मी म्हटलं.

हे थांबले. मग तिसरं कडवं गायले.

दर शनिवारी आमच्याकडे पट्ट्यांचं काम असतं. तयार पट्ट्या आम्हाला झेपत नाहीत, म्हणून जाळीचं कापड कापून त्यात प्लास्टरची पूड हातानं चोळायची आणि गुंडाळ्या करून डब्यात भरायच्या. चार-पाच बायका येतात, शिंपीण कात्री चालवते, हे पूड चोळता चोळता भुतासारखे पांढरे होतात आणि सगळ्या हसतात. त्या शनिवारी असंच सगळं चाललेलं असताना फाटकातून दोघी कुंभारणी आत आल्या. त्यांचा वार नव्हता. धाकटीच्या कडेवर बाळ होतं आणि ते रडत होतं.

"बोटं आत गेली," धाकटी म्हणाली.

प्लास्टरच्या टोकाशी बाळाची पाचही बोटं दिसायला हवीत. दिसेनाशी झाली तर प्लास्टर सरकलं, टाच आत सुटून घासायला लागली, धावत या. हे मी प्रत्येकीला सांगते. ती धावत आली होती, तिनं अगदी बरोबर केलं होतं. आणि मी काय केलं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ओलं केलंस ना?" मी म्हटलं. "किती वेळा सांगायचं? आंघोळ नको, ओल्या फडक्यावर निजवायचं नाही, मातीकामाच्या खोलीत न्यायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी सगळं."

शिंपिणीची कात्री थांबली. थोरलीनं सुनेकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं. पण बोललेला शब्द परत घ्यायची मला सवय नव्हती.

आम्ही कोमट पाण्यात पाय भिजवला. धाकटीनं स्वतःच पट्ट्या सोडल्या, सराईतासारख्या, आणि पावलाकडचं कवच अर्धं फोडून वेगळं काढलं. बाळाच्या टाचेवर रुपयाएवढा लाल फोड आला होता. मी तो बघत होते, आणि धाकटी कवच बघत होती, आतल्या बाजूनं. तिनं आत आपला अंगठा घातला आणि फिरवला. माझ्या अंगठ्याचा खळगा तिथं उमटलेला असतो. एरवी एक असतो, खोल. यात दोन होते, शेजारी शेजारी, दोन्ही उथळ.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मातीत जिचा जन्म गेला तिला अंगठ्याचा ठसा वाचता येणार नाही तर कुणाला? तिला सगळं कळलं होतं. आणि मला कळलं की तिला कळलं.

मग तिनं नजर खाली केली आणि सासूला म्हणाली, "माझ्याच हातून ओलं झालं असेल. चाकाजवळ घेऊन बसले होते."

का म्हणाली, ते समजायला मला वेळ लागला नाही. चूक माझी निघाली तर सासू पोरीला घेऊन जाणार आणि पाय तसाच राहणार. चूक सुनेची निघाली तर सुनेला चार दिवस बोलणी बसतील, पण मंगळवार सुरू राहील. पोरीच्या पायासाठी ती माझं पाप आपल्या अंगावर घेत होती. आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्यानं बाळाचा पायही वाचत होता आणि माझं नाक वर राहत होतं. सैतान नेहमी असाच सोयीचा सौदा घेऊन येतो, असं हे सांगतात.

"आपण जरा प्रार्थना करू," हे म्हणाले. हातावर पूड, भुवया पांढऱ्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. "प्रभू, या लेकराची टाच लवकर बरी होऊ दे. आणि ज्याच्याकडून चूक झाली त्याला ती बोलून टाकायचं बळ दे. छत्तीस वर्षांचं नाव जाईल असं त्याला वाटत असेल, तर ते भय काढून टाक."

लेकी बोले सुने लागे. मी एक डोळा उघडला, तर ह्यांचाही एक डोळा उघडा, आणि तो माझ्यावर. या माणसावर मी त्या क्षणी इतकी चिडले की काय सांगू. आणि इतका अभिमानही वाटला. सगळ्यांसमोर ते मला उघडं पाडू शकले असते. त्यांनी दार फक्त टेकवून ठेवलं, उघडायचं मलाच होतं.

"ओलं झालेलं नाही," मी म्हटलं. आमेन व्हायच्या आधीच. "हिची काही चूक नाही. माझा अंगठा सुटला. मंगळवारीच सुटला. मला कळलं होतं, तरी मी सांगितलं नाही. आणि आत्ता नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणून हिला बोलले. मला क्षमा कर, बाळा."

बाहेर एक कोंबडी तेवढी बोलत होती. एकाहत्तर वर्षांची बाई, आणि शाळेतल्या पोरीसारखी उभी.

थोरली पुढे आली. मला वाटलं, आता बाळ उचलणार आणि चालू लागणार. तिनं माझा उजवा हात उचलला. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, नेमकं तिथंच, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"वर्ष झालं."

तिनं आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. दोन्ही अंगठे बुडाशी गाठाळलेले, आत वळलेले, माझ्यापेक्षा वाईट. "मी तीन वर्षं लपवलं," ती म्हणाली. "तीन वर्षं माझी मडकी एका बाजूला पातळ निघायची आणि मी म्हणायचे, माती वाईट आली. भट्टी वाईट लागली. नवऱ्यानं लाकडं ओली आणली. शेवटी हिला लग्न करून आणली आणि चाकावर बसवली. बसवली म्हणजे काय, सुखानं नाही बसवली. महिनाभर जेवले नाही नीट."

"मग आता?" मी म्हटलं. "तुम्ही सांगून ठेवलं होतंत. माझ्या हातून इजा झाली."

"झाली. आता तुमचा हात नको पोरीला." तिनं सुनेचं मनगट धरून तिला टेबलाकडे ओढलं. "हिचा चालेल. हिचा अंगठा मी तयार केलाय. मडक्याची कड धरते तेव्हा पाणीसुद्धा हलत नाही आतलं. तुमचं शास्त्र तेवढं शिकवा."

धाकटी म्हणाली, "मला नाही जमणार."

"गप्प बस," थोरली आणि मी एकदमच म्हणालो. शिंपीण खुदकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या.

टाच बरी व्हायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस धाकटी रोज आली, बाळाला पाठीशी बांधून, दोन तास चालत. रोज मी बाळाचं पाऊल हातानं वळवून ठेवायचं, म्हणजे मिळवलेलं जाऊ नये, आणि तिनं वरून हात ठेवून बघायचं. ती शिकेपर्यंत तेवढी मुभा थोरलीनं दिली होती. मग सराव. सराव कुणावर करायचा? ह्यांच्यावर. हे खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवायचे आणि रविवारचा उपदेश लिहायचे, आणि आम्ही दोघी त्यांचं चौऱ्याहत्तर वर्षांचं पाऊल धरून बसायचो. "हाड कुठंय?" "इथं." "ते नव्हे, ते घोट्याचं. पुढे ये." हे मध्येच म्हणायचे, "माझंही जरा सरळ होत असेल तर बघा." ह्यांचं पाऊल ऐकण्यापलीकडचं होतं, ह्यांच्यासारखंच.

तिसऱ्या दिवशी मी धाकटीला विचारलं, "मंगळवारी माझा अंगठा सुटला तेव्हाच तुला दिसलं होतं का?"

तिनं ह्यांचं पाऊल स्टुलावर नीट ठेवलं. मग म्हणाली, "दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार, बाई?"

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. माझा दरारा, ज्याची मी मजा घेत आले, त्याच दराऱ्यानं एका बाळाची टाच सोलली होती. त्या रात्री मी ह्यांना हे सांगितलं आणि रडले. ह्यांनी उपदेश केला नाही. चहा करून आणला, तोही साखर विसरून, आणि मी काही न बोलता प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, "आजपासून एक नियम. माझं चुकलं की तू बोलायचंस. न बोललीस तर मी शिकवणार नाही." तिनं मान हलवली. पण मान हलवणं वेगळं. त्या सगळ्या दिवसांत मी मुद्दाम चार वेळा चुकीच्या जागी बोट ठेवलं आणि चारही वेळा तिनं नुसता श्वास रोखला. थोरलीला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्याशी बोलायला तिला दोन वर्षं लागली. तुम्ही माझ्याहून वाईट आहात."

मग तो मंगळवार आला. बाकावर नऊ बाया, कडेवर नऊ बाळं. बातमी सगळीकडे गेली होती, त्यामुळे ज्यांचा काही संबंध नाही अशाही दोघी फाटकाशी उभ्या होत्या. थोरली बाकाच्या टोकाला बसली होती, पहिल्यांदाच. धाकटीचं तोंड पांढरं पडलं होतं. बाळाची टाच मी पुन्हा पुन्हा तपासली. स्वच्छ, कोरडी, गुलाबी.

धाकटीनं धरलं. आपल्याच पोरीचं पाऊल, आपल्याच अंगठ्याखाली. एरवी चळचळ कापणारी ती पोर, पण हात पडला आणि हात स्थिर झाला. मी शेजारी उभी. हे गुंडाळायला लागले, गायला लागले. पाऊल वळत होतं. मी छत्तीस वर्षं हे केलंय, पण बाजूला उभं राहून कधी बघितलं नव्हतं. किती हळू वळतं ते. पण मला राहवेना. दुसऱ्या कडव्याला मी आधार म्हणून टाचेखाली माझं बोट घातलं. सवयीनं. मदत म्हणून. खरं सांगायचं तर, मी अजून आहे हे दाखवायला.

"बाई," धाकटी म्हणाली.

"काय?"

"बोट काढा." तिनं मान वर केली नव्हती, नजर पावलावर होती. आवाज मोठा नव्हता, पण व्हरांडाभर ऐकू गेला. "टाचेला धरायचं नाही, तुम्हीच सांगितलंत. पाऊल अडतंय."

ह्यांचं गाणं थांबलं. छत्तीस वर्षांत या टेबलाशी मला कुणी हात काढ म्हटलं नव्हतं. आणि तिचं बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. टाचेला हात लावायचा नाही हे माझ्या डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

मी बोट काढलं.

पाऊल दोन दाण्यांएवढं आणखी बाहेर आलं आणि तिच्या अंगठ्याखाली थांबलं. "गा की आता," मी ह्यांना म्हटलं, कारण हे नुसते माझ्याकडे बघत उभे होते आणि प्लास्टर आवळत चाललं होतं. ह्यांनी तिसरं कडवं सुरू केलं. त्या दिवशी तर फारच बेसूर होते.

मी जाऊन थोरलीशेजारी बसले. तिनं विचारलं, "कसं वाटतंय?"

"जळतंय," मी म्हटलं.

"जळणारच."

पण नुसतं जळत नव्हतं. एकशे ब्याण्णव पावलांना मिळून मला जेवढा अभिमान वाटला नव्हता तेवढा त्या दोन शब्दांचा वाटत होता. तिनं मला सांगितलं. तिला दिसलं आणि तिनं सांगितलं. आता मी उद्या मेले तरी मंगळवार चुकणार नाही.

प्लास्टर घट्ट झालं. टोकाशी पाच बोटं, एका ओळीत, गुलाबी. मी उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्या कुणाच्या कामाचं कौतुक केलं. "बघून घ्या," मी म्हटलं, "पाय असा धरतात. माझ्याहून चांगला."

धाकटी रडायला लागली. तिला रडायला वेळ नव्हता, पुढची आई बाळ घेऊन टेबलाशी आली होती आणि बादलीतलं पाणी गार झालं होतं. म्हणून मी बादली उचलली आणि पाणी बदलून आणायला आत गेले.